कोळसा तिकडे, लोखंड इकडे

श्रोतेहो, नमस्कार.

फ्रान्सच्या पूर्व टोकाला, जर्मनीच्या सीमेला लागून स्ट्रासबर्ग शहर आहे. तिथल्या एका चौकात १९३६ साली उभारलेलं युद्धस्मारक आहे. युद्धस्मारक म्हटलं की बंदूक धरलेला सैनिक किंवा फडकता झेंडा आपल्या डोळ्यांसमोर येतो. इथे तसं काही नाही. एक आई बसली आहे आणि तिच्यापाशी तिचे दोन मुलगे प्राण सोडतायत. एक फ्रान्सकडून लढला, दुसरा जर्मनीकडून. कोणता कुठला ते ओळखता येत नाही, कारण दोघांच्याही अंगावर गणवेश नाही. मरताना त्यांनी एकमेकांचा हात धरलाय. खाली एवढंच कोरलंय : ‘आमच्या मृतांना’. फ्रान्समधल्या गावोगावच्या स्मारकांवर ‘फ्रान्ससाठी’ मेलेल्यांचा उल्लेख असतो, इथे तो शब्द नाही. लिहिणार तरी कसा? पहिल्या महायुद्धात इथली बहुतेक पोरं जर्मन सैन्यात होती. तेव्हा हा मुलूखच जर्मनीचा होता.

१८७१ मध्ये जर्मनीने स्ट्रासबर्गचा अल्सास प्रांत आणि शेजारच्या लॉरेनचा एक भाग जिंकून घेतला. १९१८ मध्ये तो फ्रान्सकडे परत गेला. १९४० मध्ये हिटलरने पुन्हा घेतला आणि १९४४ च्या नोव्हेंबरात स्ट्रासबर्ग पुन्हा फ्रेंच झालं. १८७० साली तिथे जन्मलेली बाई पंचाहत्तर वर्षं जगली असेल, तर घराचा उंबरा न सोडता तिचा देश चारदा बदलला. हिटलरने या भागातले सुमारे १ लाख ३० हजार तरुण सक्तीने आपल्या सैन्यात भरती केले. त्यांना तिथे आजही ‘मनाविरुद्ध गेलेले’ असंच म्हणतात.

भांडण झेंड्याचं होतं, भाषेचं होतं, पण ते जमिनीखालचंही होतं. लॉरेनमध्ये लोहखनिज अमाप होतं, पण त्यात फॉस्फरस फार. फॉस्फरस राहिला की पोलाद ठिसूळ होतं. लंडनच्या एका कोर्टात कारकुनी करणाऱ्या सिडनी गिलख्रिस्ट थॉमस या तरुणाने रसायनशास्त्र जाणणाऱ्या आपल्या मामेभावाला हाताशी धरून यावर तोड काढली. भट्टीला आतून चुनखडीच्या जातीच्या विटांचं अस्तर द्यायचं, म्हणजे फॉस्फरस मळीत, म्हणजे वितळताना वर येणाऱ्या गाळात, उतरतो. ती मळी दळून शेतात खत म्हणून वापरता येई. १८७९ पर्यंत हे तंत्र सिद्ध झालं आणि लॉरेनच्या खनिजाला एकदम सोन्याचं मोल आलं. मात्र ते वितळवायला कोक, म्हणजे हवा न लागू देता भाजलेला कोळसा, लागतो आणि उत्तम कोकचा कोळसा र्‍हाईनपलीकडे, जर्मनीच्या रूर खोऱ्यात. लोखंड इकडे, कोळसा तिकडे. एकमेकांवाचून दोघांचंही भागत नव्हतं. व्यापार चालायचा, पण संशय सुटत नव्हता, कारण शेजाऱ्याने ओतलेल्या पोलादाची उद्या तोफ होणार नाही याची खात्री कोण देणार?

पहिल्या युद्धानंतर फ्रान्सने बळाने प्रयत्न करून पाहिला. जर्मनीकडून भरपाईचा कोळसा आणि लाकूड वेळेवर येईना, म्हणून जानेवारी १९२३ मध्ये फ्रेंच आणि बेल्जियन फौजा रूरमध्ये शिरल्या. कामगारांनी काम थांबवलं. त्यांचे पगार द्यायला जर्मन सरकारने नोटा छापल्या आणि आधीच घसरलेलं जर्मन चलन, मार्क, कोसळलं. नोव्हेंबरपर्यंत एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क मोजावे लागत होते. आयुष्यभर साठवलेल्या पैशांत पाव मिळेना. ती जखम पुढे कुणी कशी वापरली, हे आपल्याला ठाऊक आहेच.

अशा भूमीतून रोबेर शुमान आला. जन्म लक्झेंबर्गचा, वडील लॉरेनचे, स्वतः जन्माने जर्मन नागरिक. वकिली मेट्झला केली आणि १९१९ मध्ये फ्रेंच संसदेत निवडून गेला. १९४० मध्ये गेस्टापोने, हिटलरच्या गुप्त पोलिसांनी, त्याला पकडलं, पुढे तो निसटला. ९ मे १९५० रोजी फ्रान्सचा परराष्ट्रमंत्री म्हणून त्याने जाहीर केलं, की फ्रान्स आणि जर्मनीचा सगळा कोळसा आणि पोलाद एका सामाईक अधिकारी मंडळाखाली आणू. ज्यांना हवं त्या देशांनीही यावं. योजनेचा मसुदा फ्रेंच सरकारी नियोजनकार ज्याँ मोनेचा, पण त्यामागे शुमानचं सगळं आयुष्य उभं होतं, असं मला वाटतं. जर्मनीचे चॅन्सेलर आडेनाउअर र्‍हाईनकाठच्या कोलोनचे. इटलीचे पंतप्रधान दे गास्पेरी ऑस्ट्रियाच्या ताब्यातल्या त्रेन्तो प्रांतात वाढलेले आणि व्हिएन्नाच्या संसदेत बसलेले. तिघेही सीमेवरचे, आणि आपसात जर्मन बोलायचे!

ब्रिटन बाहेर राहिला. १८ एप्रिल १९५१ ला पॅरिसमध्ये सहा देशांनी सह्या केल्या. त्या कराराची प्रतच बघा : कागद हॉलंडचा, शाई जर्मनीची, छपाई फ्रान्सची, बांधणीचं चर्मपत्र बेल्जियमचं, रेशमी फिती इटलीच्या आणि डिंक लक्झेंबर्गचा. १९५३ मध्ये कोळशावरची जकात उठली, मग पोलादावरची. कारखान्यांवर बसवलेल्या छोट्या करातून कामगारांची घरं बांधली गेली आणि काम गेलेल्यांना नवं शिक्षण मिळू लागलं.

पण या कोळशासाठी जमिनीखाली कोण उतरत होतं, ते सांगायलाच हवं. १९४६ मध्ये इटली आणि बेल्जियमने ठरवलं होतं, की इटलीने खाणीसाठी माणसं पाठवायची आणि बेल्जियमने इटलीला कोळसा विकायचा. ८ ऑगस्ट १९५६ ला बेल्जियममधल्या मार्सिनेलच्या खाणीत वर-खाली जाणाऱ्या पाळण्यात एक कोळशाची गाडी नीट बसली नाही आणि पाळणा तसाच वर निघाला. बाहेर आलेल्या गाडीने तेलाचा नळ आणि विजेच्या तारा तोडल्या. खाली आग भडकली. २६२ माणसं गेली, त्यात १३६ इटालियन. दोन आठवडे बायका-मुलं फाटकाचे गज धरून उभी होती. शेवटी वर आलेला बचाव पथकातला माणूस इटालियनमध्ये एवढंच म्हणाला, “सगळे मेलेत.” त्यानंतर सहा देशांनी मिळून खाणींच्या सुरक्षेसाठी आयोग नेमला.

पन्नास वर्षांची मुदत संपून तो सहा देशांचा कोळसा-पोलाद करार २००२ मध्ये निवला. फ्रान्सची शेवटची कोळसा खाण लॉरेनमध्येच होती, ती २००४ मध्ये बंद झाली. २१ डिसेंबर २०१८ ला रूरमधल्या बॉट्रॉपच्या खाणीतून काळ्या चेहऱ्यांचे कामगार शेवटचे वर आले. दगडी कोळशाचा शेवटचा तुकडा त्यांनी दोन हातांत धरून जर्मनीच्या राष्ट्राध्यक्षांना दिला. समारंभाला युरोपीय आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष युंकरही आले होते. ते लक्झेंबर्गचे, एका पोलाद कामगाराचा मुलगा.