अर्धविरामात दडलेली विक्री

वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये सालोमॉन फान राइसडालचं एक निसर्गचित्र आहे. साल १६४९. कॅनव्हासवरचं तैलचित्र, रुंदी सुमारे १३५ सेंटिमीटर. नदी, तरीच्या नावेतून पलीकडे निघालेली माणसं, काठावरची झाडं आणि वर ढगांचं मोठं आभाळ. चित्राबद्दल बोलायला बसलो तर आजचा वेळ त्यातच जाईल. मला बोलायचंय ते या चित्राच्या मालकांबद्दल.

संग्रहालयं प्रत्येक चित्राची मालकी-परंपरा नोंदवून ठेवतात. अमेरिकी संग्रहालयांत ती लिहिण्याचा एक संकेत आहे. एका मालकाकडून चित्र थेट दुसऱ्याकडे गेलं असेल तर दोन नावांमध्ये अर्धविराम द्यायचा. मध्ये काय झालं ते कळत नसेल तर पूर्णविराम. संकेत सोपा आणि उपयोगी आहे. पण चित्र कुणाकडून कुणाकडे गेलं एवढंच तो सांगतो. देणाऱ्याने ते खुशीने दिलं की मान खाली घालून, हे अर्धविरामाला सांगता येत नाही. माझ्या मते मालकीचा खरा इतिहास तिथेच असतो.

आधी राइसडालबद्दल थोडं. हा हार्लेम शहरातला चित्रकार. त्याचा पुतण्या याकोब त्याच्याहून जास्त गाजला. त्या काळी हॉलंडमध्ये चित्रं फक्त राजेरजवाड्यांसाठी किंवा चर्चसाठी होत नव्हती. ती बाजारात विकली जायची, आणि व्यापारी, कारागीर, बऱ्या परिस्थितीतली साधी माणसं ती घेऊन घरात लावायची. म्हणूनच निसर्गचित्रांचा माग काढणं फार कठीण जातं. माणूस वारला की नोटरी घरातल्या वस्तूंची यादी करायचा, आणि त्यात कितीदा तरी नुसतं ‘एक निसर्गचित्र’ एवढंच लिहिलेलं सापडतं. चित्रकाराचं नावच नाही! शिवाय राइसडालने नदी आणि नाव हा विषय आयुष्यभर पुन्हा पुन्हा रंगवला. मग यादीतलं चित्र कोणतं, हे ठरवायचं कसं? अशा वेळी चित्राच्या मागची बाजू बोलते. तिथे विक्रेत्यांच्या चिठ्ठ्या असतात, लाखेचे शिक्के असतात, खडूने टाकलेले आकडे असतात.

या चित्राच्या बाबतीत विसाव्या शतकातला महत्त्वाचा विक्रेता म्हणजे झाक खाउडस्टिकर. जन्म १८९७, अॅमस्टरडॅमच्या ज्यू घराण्यातला, पिढीजात चित्रव्यापारी. हेरेनग्राख्त कालव्यावर त्याची पेढी होती. फेख्त नदीकाठचा नाईनरोडे किल्लाही त्याच्याच मालकीचा होता. तिथे तो प्रदर्शनं भरवायचा, मैफली करायचा. त्याची बायको देसी व्हिएन्नाची, गायिका. मुलगा एडो १९३९ चा.

१० मे १९४० रोजी जर्मन फौजा नेदरलँड्समध्ये शिरल्या. १४ मेला हे कुटुंब आयमाउडेन बंदरातून ‘बोडेग्राफेन’ नावाच्या जहाजावर कसंबसं चढलं. पेढी, चित्रं, घर, सगळं मागे राहिलं. पुढच्या रात्री झाक डेकवर गेला. जहाजावर दिवे विझवलेले होते. अंधारात तो उघड्या झडपेतून खाली मालाच्या कोठारात पडला आणि जागीच गेला. वय ४२. इंग्लंडमध्ये फालमथला त्याला पुरलं.

त्याच्या खिशात एक काळी वही होती. तिच्यात क्रमांक घालून १,११३ कलाकृतींची नोंद होती. देसीने ती वही जपली. पुढे जे काही घडू शकलं, ते या वहीमुळे.

इकडे अॅमस्टरडॅमला पेढी पोरकी झाली. ज्याच्याकडे मुखत्यारपत्र होतं, तोही त्याच दिवसांत वारला. मग पेढीतल्या दोन नोकरांनी कारभार हाती घेतला आणि १९४० च्या जुलैमध्ये सौदा झाला. हेर्मान गोरिंग, म्हणजे नाझी राजवटीतला हिटलरनंतरचा सर्वांत बलाढ्य माणूस, याने २० लाख गिल्डरला (गिल्डर हे तेव्हाचं डच चलन) बहुतेक चित्रं घेतली. अलोइस मीडल या जर्मन व्यावसायिकाने साडेपाच लाखांत पेढी, तिचं नाव आणि जमीनजुमला घेतला. बहुसंख्य समभाग देसीकडे होते आणि तिने विक्रीला नकार कळवला होता. झाकची म्हातारी आई मात्र देशातच अडकलेली होती. तिला मीडलने पुढे संरक्षण दिलं. गोष्ट अशी गुंतागुंतीची आहे. कागदावर विक्रेता आहे, खरेदीदार आहे, रक्कम आहे. खरेदीखतात उणीव काढायला जागा नाही. पण समोर गोरिंग उभा असताना नाही म्हणायची मोकळीक कुणाला होती?

लंडनला गेलेल्या डच सरकारने ७ जून १९४० रोजीच हुकूम काढून शत्रूशी व्यवहार करायला मनाई केली होती. म्हणजे डच कायद्याच्या नजरेतूनही हा सौदा संशयास्पद होता. आणि तरीही युद्ध संपल्यावर काय झालं ते पाहा. दोस्त सैन्याला जर्मनीत चित्रं सापडली. धोरण असं होतं की लुटलेला माल ज्या देशातून गेला त्या देशाच्या सरकारकडे द्यायचा आणि मूळ मालकाकडे पोचवायचं काम त्या सरकारने करायचं. डच सरकारने चित्रं घेतली आणि ठेवून घेतली. १९४६ मध्ये देसी परत आली तेव्हा तिला सांगण्यात आलं की विक्री स्वेच्छेने झालेली होती. १९५२ मध्ये तिने मीडलच्या व्यवहारापुरती तडजोड केली. गोरिंगने नेलेल्या चित्रांवरचा हक्क तिने सोडला नाही. हे मला फार मोलाचं वाटतं. थकलेल्या, एकट्या बाईने सही करताना तेवढी एक गोष्ट हातची जाऊ दिली नाही.

आपलं राइसडालचं चित्र या काळात कुठे होतं? अॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये, भिंतीवर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. लपवलेलं नव्हतं. किती पिढ्यांनी ते पाहिलं असेल!

१९९६ मध्ये देसी आणि एडो काही महिन्यांच्या अंतराने वारले. पुढच्या वर्षी पीटर डेन होलांडर या डच पत्रकाराने एडोच्या पत्नीशी, मारेई फॉन झाहर यांच्याशी, संपर्क साधला. मारेई यांनी सरकारकडे चित्रं परत मागितली. १९९८ मध्ये सरकारने ती फेटाळली, १९९९ मध्ये हेगच्या न्यायालयातही दाद लागली नाही. पण त्याच सुमाराला हवा बदलत होती. डिसेंबर १९९८ मध्ये ४४ देशांनी वॉशिंग्टनमध्ये नाझी लुटीच्या कलाकृतींबाबत तत्त्वं मान्य केली होती. नेदरलँड्सने अशा मागण्यांसाठी समिती नेमली. गोरिंगशी झालेली विक्री स्वेच्छेची नव्हती, असं त्या समितीने डिसेंबर २००५ मध्ये म्हटलं आणि ६ फेब्रुवारी २००६ रोजी सरकारने मागितलेल्या २६७ पैकी २०२ कलाकृती परत करण्याचं जाहीर केलं. कायद्याने प्रकरण बंद झालेलं असतानाही नैतिक भूमिकेतून हे झालं. साठ वर्षं उशीर झाला हे खरं, पण हे पाऊल मोठं होतं, आणि ते मान्य करायला हवं.

राइसडालचं चित्र त्या २०२ मध्ये होतं. २००७ मध्ये वॉशिंग्टनच्या संग्रहालयाने ते कुटुंबाकडून विकत घेतलं. श्रेयओळीत, म्हणजे चित्र कुणामुळे मिळालं हे सांगणाऱ्या ओळीत, झाक खाउडस्टिकरच्या स्मरणार्थ कुटुंबाने दाखवलेल्या औदार्याचा उल्लेख आहे. इतकी वर्षं भांडून मिळवलेली चित्रं मग विकायची कशाला, असा प्रश्न अशा वेळी हमखास विचारला जातो. मला तो अन्यायाचा वाटतो. ठेवायचं की विकायचं हे स्वतः ठरवता येणं, यालाच तर मालकी म्हणतात. १९४० मध्ये नेमकं तेच हिरावलं गेलं होतं. चित्रं परत देताना ‘पण विकू नका हं’ अशी अट मनातल्या मनात घालणं म्हणजे अर्धीच मालकी परत देणं.

काळ्या वहीतल्या सगळ्याच चित्रांचं असं झालेलं नाही. जर्मन चित्रकार क्रानाखचे ‘आदम’ आणि ‘ईव्ह’ कॅलिफोर्नियाच्या नॉर्टन सायमन संग्रहालयातच राहिले. तिथल्या न्यायालयात कुटुंब २०१८ मध्ये हरलं आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला. कित्येक चित्रांचा तर अजून पत्ताच नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये डच पत्रकारांना अर्जेंटिनातल्या मार देल प्लाता शहरातल्या एका विकाऊ घराच्या जाहिरातीत, सोफ्याच्या वर टांगलेलं एका स्त्रीचं व्यक्तिचित्र दिसलं. ते खाउडस्टिकरच्या संग्रहातलं होतं. घर गोरिंगच्या आर्थिक कारभारातल्या एका माणसाच्या वारसांचं. पोलीस पोचले तेव्हा त्या जागी दुसरंच काही लटकत होतं. सप्टेंबरमध्ये ते चित्र वकिलामार्फत तिथल्या सरकारी यंत्रणेकडे जमा झालं.