खिडकी पुसायला परवाना?

नमस्कार मंडळी!

(टीडीएस मीटर कॅमेऱ्यासमोर धरून) हे ओळखलंत ना? घरी आरओवाला सर्व्हिसिंगला येतो, हे पाण्यात बुडवतो, आकडा दाखवतो आणि म्हणतो, "मॅडम, फिल्टर बदलावा लागेल." तेच हे. फक्त हे मी आणलंय आमच्या खिडकीवाल्या काकांकडून, शूटिंगपुरतं उसनं. काचा पुसणाऱ्या माणसाला टीडीएस मीटर कशाला लागतं ते सांगतेच. आणि त्याच माणसाला कौन्सिलचा परवाना कशाला लागतो, हा आजचा विषय.

मी राहते स्कॉटलंडमध्ये. तीन मजली जुनी दगडी इमारत, सगळ्यांना मिळून एकच जिना. आपल्याकडे काचा पुसणं म्हणजे दिवाळीच्या आधी ओला पेपर, मग कोरडा पेपर, आणि "बाहेरून कोण बघतंय" म्हणून सोडून दिलेली बाहेरची बाजू. इथे ती बाहेरची बाजू हाच काहींचा पूर्णवेळ धंदा आहे. एक माणूस, एक व्हॅन आणि ठरलेली घरं. त्या घरांच्या यादीला 'रन' म्हणतात. आपल्या पेपरवाल्याची लाईन असते ना, अगदी तशी. आणि लाईनसारखीच ही रनही विकली जाते. धंदा सोडणारा माणूस महिन्याच्या कमाईच्या काही पट पैसे घेऊन ती दुसऱ्याला देतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता कायदा. 1982 सालचा सिव्हिक गव्हर्नमेंट (स्कॉटलंड) ॲक्ट. टॅक्सी, भंगारवाले, जुन्या वस्तूंचे विक्रेते, रस्त्यावरचे विक्रेते, सगळे यात आहेत. आणि कलम 43 मध्ये आहेत खिडक्या पुसणारे. पण गंमत अशी, की हे कलम आपोआप लागू होत नाही. प्रत्येक कौन्सिलने, म्हणजे आपल्या भाषेत नगरपालिकेने, ठराव करून ठरवायचं की आमच्या हद्दीत हा परवाना लागेल की नाही. स्कॉटलंडमध्ये कौन्सिलं 32. काहींनी ठराव केला, काहींनी नाही. आणि सीमा ओलांडून इंग्लंडातल्या कार्लाइलला गेलात, तर तिथे हा परवाना मुळी नाहीच. बादली उचला आणि कामाला लागा.

परवान्यासाठी काय करायचं? अर्ज, फी, मग अर्ज जातो पोलिसांकडे. कुणाची हरकत असेल तर 28 दिवसांत कळवायची. अर्जदार 'फिट अँड प्रॉपर' आहे का, म्हणजे चालचलन ठीक आहे का, हे बघायचं. परवाना जास्तीत जास्त तीन वर्षांचा. नाकारला तर शेरीफ कोर्टात, म्हणजे इथल्या स्थानिक न्यायालयात, अपील.

बरं, चालचलनच का? जरा विचार करा. शिडी लावून तुमच्या बेडरूमच्या खिडकीशी चढणारा माणूस. घरात कोण असतं, कधी नसतं, कुठली खिडकी नीट लागत नाही, हे त्याला तुमच्या सासूबाईंपेक्षा जास्त माहीत. मी इथे एकटी राहत असतानाची गोष्ट सांगते. सकाळी पडदा सरकवला आणि काचेपलीकडे, हातभर अंतरावर, एक अनोळखी चेहरा. मी किंचाळले, तोही दचकला, शिडी हलली. तेव्हा कुणी म्हटलं असतं "याची पोलिसांकडून चौकशी झालीय", तर बरं वाटलं असतं, हे मी नाकारणार नाही.

पण आता या मीटरकडे या. आमचे काका शिडी वापरतच नाहीत. व्हॅनमध्ये पाण्याची टाकी, लांबच लांब पोकळ दांडा, टोकाला ब्रश, ब्रशमधून पाणी. खाली फुटपाथवर उभं राहून तिसऱ्या मजल्याची काच. फडका मारायचाच नाही! कारण पाण्यातले क्षार काढून टाकलेले असतात. क्षार नाहीत, तर वाळल्यावर डाग नाहीत. मीटरवर शून्य दिसलं की काका खूश. (लंडनकडचं पाणी जड, तिथे यासाठी आरओ लागतो. इथलं पाणी मुळातच इतकं मऊ, की क्षार शोषून घेणाऱ्या रेझिनच्या नुसत्या नळकांड्यावर भागतं. आमच्या काकांना याचा जरा जास्तच अभिमान आहे.)

म्हणजे ज्या भीतीपोटी परवाना हवासा वाटतो, ती शिडीच हळूहळू जातेय. आणि ज्यांच्याकडे ती अजून आहे, त्यांना खरा धोका पडण्याचा. उंचीवरच्या कामाचे 2005 चे नियम वेगळे आहेत, ते अख्ख्या ब्रिटनला लागू आहेत, एकट्या धंदेवाल्यालासुद्धा. परवान्यातली 'फिट अँड प्रॉपर'ची कसोटी मात्र माणसाचं चारित्र्य बघते. शिडी नीट लावता येते का, काच स्वच्छ होते का, हे त्यात येत नाही.

मग फायदा कुणाला? ज्याची रन आधीच बसलीय त्याला. नवा मुलगा बादली घेऊन त्याच गल्लीत उतरायच्या आधी अर्ज, फी आणि वाट बघणं. तेवढ्यात जुन्याची रन सुरक्षित, विकायला काढली तर किंमतही टिकून. आणि अडचण सगळ्यात जास्त कुणाला? हा धंदा ज्यांना शेवटचा आधार असतो त्यांना. भांडवल जवळजवळ शून्य, शिक्षण विचारत नाहीत, भाषा जेमतेम आली तरी चालते. जुनी एखादी केस असलेला माणूस सरळ मार्गाला लागायला असलंच काम शोधतो, आणि नेमकी त्याचीच फाईल कौन्सिलच्या परवाना समितीपुढे जाते. समिती त्याचं म्हणणं ऐकू शकते, हे खरं. पण दहा लोकांसमोर उभं राहून "तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो" हे सांगायचं, खिडकी पुसायला मिळावी म्हणून!

माझा सगळ्यात मोठा आक्षेप मात्र हद्दीवर आहे. परवाना त्या कौन्सिलपुरताच. रन थोडीच नकाशा बघून वाढते? रस्त्याच्या अलीकडची घरं एका कौन्सिलात, पलीकडची दुसऱ्यात. दोघांनी ठराव केलेला असेल, तर दोन अर्ज, दोन फी. आणि चौकशी कोण करतं? पोलीस. पूर्वी इथे आठ वेगवेगळी पोलीस दलं होती, तेव्हा हे समजण्यासारखं होतं. 1 एप्रिल 2013 ला ती आठही एकत्र करून एकच 'पोलीस स्कॉटलंड' झालं. म्हणजे तेच पोलीस, तोच माणूस, तीच नोंद, आणि चौकशी दोनदा! क्लबच्या दारावरच्या बाउन्सरकडे बघा. त्याचा परवाना अख्ख्या ब्रिटनभर चालतो, 2007 पासून स्कॉटलंडातही. ग्लासगोत काढा, लंडनमध्ये दाखवा. लोकांना उचलून बाहेर काढणाऱ्याला एक कार्ड पुरतं, आणि काच पुसणाऱ्याला पुरत नाही.

माझं मत विचाराल तर, परवाना नको, नोंदणी असावी. देशभरात एकच यादी, एकदा चौकशी, फोनवर नाव टाकलं की फोटो दिसावा. मला पडद्यामागून तेवढंच हवं होतं.

आता कमेंटमध्ये कुणीतरी विचारणारच, "मुंबईतल्या फेरीवाल्यांचं काय?" तो वेगळा व्हिडिओ होईल, पण एक फरक सांगते. इथे परवान्यांची संख्या ठरलेली नाही, पात्र असेल त्याला मिळतो. मुंबईत 1978 नंतर फेरीवाल्यांना नवे परवाने देणं जवळपास थांबलं, आणि धंदा मात्र वाढतच गेला. संसदेने 2014 मध्ये फेरीवाल्यांसाठी कायदा केला, त्यानंतरही 'गाडी आली' म्हटलं की ताडपत्रीत माल गुंडाळून पळणं काही संपलं नाही. तिथे परवाना मिळतच नाही हे दुखणं. इथे मिळतो, पण फी भरून रांगेत थांबलेल्या माणसाला पलीकडच्या गल्लीत बिनपरवाना बादली दिसते आणि तो चडफडतो.

आमचे काका त्यातलेच. मीटर घ्यायला गेले तेव्हा म्हटलं, तुमचं परवान्याचं कार्ड दाखवा ना, व्हिडिओत नुसता कागद दिसेल, नाव झाकते. त्यांनी व्हॅनचा खण उघडला. पार्किंगच्या पावत्या, अर्धं बिस्किटाचं पाकीट, रबराची जुनी पट्टी. शेवटी सूर्यकिरणांपासून वाचायच्या त्या झडपेमागून कार्ड निघालं. कोरं करकरीत. मी विचारलं, "आजवर कुणी बघायला मागितलं?"

काका जरा आठवत राहिले. मग म्हणाले, "तू."