भावंडाचा आवाज जपताना

श्रोतेहो, नमस्कार.

घरातला कर्ता भाऊ किंवा बहीण गेली, की भेटायला येणारे विचारतात, "आई कशा आहेत? वहिनी जेवतात का? मुलं अजून लहान आहेत हो." मागे राहिलेल्या भावंडाला मात्र सांगतात, "आता सगळं तुलाच बघायचंय." दहावं, तेरावं, मृत्यूचा दाखला, बँकेच्या फेऱ्या, सगळं ते भावंडच बघतं. ज्याच्याबरोबर अख्खं लहानपण गेलं त्याच्यासाठी रडायची पाळी त्याच्यावर सगळ्यात शेवटी येते. आज बोलायचंय ते त्या भावाशी, त्या बहिणीशी. आणि जरा कामाचं बोलायचंय. काही गोष्टी पहिल्या तीन-चार महिन्यांतच कायमच्या हातच्या जातात.

सगळ्यात आधी जातो आवाज. चेहरा फोटोत राहतो. हसण्याची लकब, हाक मारायची पद्धत कुठंच राहत नाही. म्हणून गेलेल्या माणसाचा फोन घाईनं रीसेट करून भाच्याच्या हातात देऊ नका. घराघरांत नेमकं हेच होतं. रिचार्जही थांबवू नका. प्रीपेड सिम ९० दिवस वापरलं नाही तर ते बंद होऊ शकतं आणि नंबर पुढे दुसऱ्या कुणाला दिला जातो. व्हॉट्सअॅपचं खातंही १२० दिवस पडून राहिलं तर काढून टाकलं जातं. मृत्यूचा दाखला घेऊन मोबाइल कंपनीच्या दुकानात चौकशी करा, नंबर वारसाच्या नावावर करून घेता येतो.

आता तुमचा स्वतःचा फोन घ्या. भावंडाशी झालेलं चॅट उघडा, वरच्या तीन ठिपक्यांवर बोट ठेवा आणि 'चॅट एक्सपोर्ट' निवडून मीडियासकट स्वतःच्या ईमेलवर पाठवा. इथं एक अडचण येते. मीडियासकट पाठवताना शेवटचे साधारण दहा हजार संदेशच जातात, त्याआधीचे राहतात. म्हणून व्हॉइस नोट वेगळ्या उतरवून घ्या. अँड्रॉइड फोनमध्ये 'व्हॉट्सअॅप व्हॉइस नोट्स' नावाचं फोल्डर असतं. त्यात सगळ्यांचे आवाज एकत्र पडलेले असतात, पण प्रत्येक फाइलच्या नावात तारीख असते. ती चॅटमधल्या तारखेशी ताडून बघितली की आपल्या माणसाच्या नोट निवडता येतात. "पोचले गं, जेवून घे" एवढी चार सेकंदांची नोटही टाकू नका. भाषणात माणूस जपून बोलतो, त्याचा खरा आवाज अशा नोटमध्ये असतो.

जुन्या घरात कॅसेट सापडतात. बारशाच्या, स्नेहसंमेलनाच्या, कुणी हौसेनं गाऊन भरलेल्या. कॅसेट लगेच प्लेअरमध्ये घालू नका. कॅसेटच्या पारदर्शक खिडकीतून आत बघा. फितीवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. ती कॅसेट वाजवली तर प्लेअरचं हेड, म्हणजे फीत वाचणारा भाग, खराब होतं आणि बुरशी पुढच्या कॅसेटला लागते. ती जाणकाराकडेच द्या. चांगल्या कॅसेटच्या पाठीवरच्या दोन चौकोनी खिट्ट्या आधी मोडून टाका, म्हणजे चुकून वर काही भरलं जाणार नाही. मग एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे फिरवा, चिकटलेली फीत मोकळी होते. प्लेअरच्या हेडफोनच्या भोकातून वायर संगणकाच्या लाइन-इनला, म्हणजे बाहेरचा आवाज आत घेणाऱ्या भोकाला, जोडा आणि ऑडॅसिटी या मोफत प्रोग्रॅममध्ये ध्वनिमुद्रण करा. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटंच लागतात, त्याला आडवाट नाही. फाइल 'वेव्ह' (WAV) प्रकारात ठेवा. तासाला सहाशे एमबीच्या आसपास जागा लागेल. नातेवाइकांना पाठवायला एमपीथ्री वेगळी करा. प्रती तीन हव्यात, आणि त्यातली एक दुसऱ्या घरी, शक्यतो दुसऱ्या गावी.

पत्रं आणि फोटो यांच्या बाबतीत एकच कळकळीची विनंती: लॅमिनेशन करू नका. उष्णता आणि गोंद यांनी जे चिकटतं ते पुन्हा सुटत नाही. फोटोमागे बॉलपेननं लिहू नका, मऊ पेन्सिलीनं कडेला नाव आणि साल लिहा.

ज्ञानदेवांच्या समाधीचा प्रसंग आणि धाकट्या भावासाठी झालेला निवृत्तिनाथांचा शोक आपल्याला सर्वात जास्त कळतो तो नामदेवांच्या अभंगांतून. म्हणजे घरच्या माणसाकडून नाही, स्नेह्याकडून. आपणही तेच करावं. भावाचे मित्र, बहिणीच्या ऑफिसातल्या मैत्रिणी, वाण्याच्या दुकानातले काका यांना एकेक करून भेटा. फोन विमान मोडवर टाका, पंखा बंद करा, घडी घातलेल्या टॉवेलवर फोन बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर ठेवा. सुरुवातीला तारीख, गाव आणि बोलणाऱ्याचं नाव सांगा. "ती कशी होती?" असं विचारलं तर "फार चांगली होती" एवढंच हाती लागतं. "तिचं आणि तुझं शेवटचं भांडण कशावरून झालं?" असं विचारा. पाऊण तासात थांबा, समोरचाही दुःखात असतो.

जमवलेल्यात दुरुस्त्या मात्र करू नका. इंग्रज लेखिका शार्लट ब्राँटेच्या बहिणी, एमिली आणि अ‍ॅन, याही लेखिकाच, त्या १८४८ आणि १८४९ मध्ये गेल्या. १८५० साली शार्लटनं त्यांचं लेखन पुन्हा छापलं, त्यांच्याविषयी मायेनं लिहिलं, पण एमिलीच्या कवितांमधल्या ओळीही बदलल्या. नंतरच्या संपादकांना मूळ हस्तलिखितांकडे परत जावं लागलं. तिच्या मायेबद्दल शंका नाही. तरी आपल्या भावाच्या डायरीतली ऱ्हस्व-दीर्घाची चूक आणि काकांवरचा राग, दोन्ही आहे तसंच राहू द्या.

पहिल्या वर्षात वर्षश्राद्धापेक्षा राखीपौर्णिमा आणि भाऊबीज जड जातात. भाऊ नसलेल्या बायकांनी चंद्राला ओवाळायची आपल्याकडे रीत आहे. मनाला पटत असेल तर ती खुशाल पाळा. त्या दिवशी कुणाकडे जायचं, जायचं की नाही, हे आठवडाभर आधी ठरवा. वर्ष उलटूनही झोप, जेवण, काम काहीच रुळावर येत नसेल तर त्यावर उपचार आहेत. टेली-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी फोनसेवा मोफत आहे. नंबर लिहून घ्या: १४४१६.

आणि त्याच्या नावानं काही करावंसं वाटतं, त्याविषयी. पहिल्याच महिन्यात ट्रस्ट काढू नका. नोंदणी, दरवर्षीचे हिशेब आणि धर्मादाय आयुक्तांकडची कागदपत्रं यांतच उमेद संपते. भावंड आपणहून कशात वेळ घालवत होतं ते बघा आणि त्यातलं एकच काम उचला. बहीण शेजारच्या मुलांचं गणित घेत असेल तर रविवारचे दोन तास तुम्ही घ्या. शाळेत बक्षीस ठेवायचं असेल तर गणित आधी मांडा: पन्नास हजारांच्या ठेवीवर साडेसहा टक्क्यांनी वर्षाला ३,२५० रुपये येतात. सगळे वाटलेत तर दहा वर्षांनी त्या रकमेची किंमत उरत नाही. अडीच हजारांचं बक्षीस द्या, साडेसातशे मुद्दलात परत घाला, आणि तो विषय किंवा ती तुकडी बंद झाली तर पैसे कशाला वापरायचे हे शाळेला दिलेल्या पत्रातच लिहा. पत्रावर घरातल्या पुढच्या पिढीतल्या एकाची सहीही घ्या, म्हणजे तुमच्यानंतर शाळेला विचारायला माणूस राहील.

नमस्कार.