फायबरची सीट उलटी करून बघा

जुन्या स्पोर्ट्स कारची रेसिंग सीट समोर आली की सगळे आधी कापड बघतात, शिलाई बघतात, लोगो बघतात, आणि फसतात तिथंच, कारण कापड काय, लोगो काय, दोन्ही नवं बसवून मिळतं. खरी ओळख असते ती आतल्या शेलमध्ये, म्हणजे फायबरच्या सांगाड्यात.

आपण आहोत जळगावच्या एमआयडीसीत. या शेडमध्ये कूलरच्या बॉड्या बनतात, आणि धुळ्याच्या एका शौकिनानं त्याची जुनी बकेट सीट, म्हणजे अंगाला धरून ठेवणारी खोलगट रेसिंग सीट, इथंच आणलीय, कारण रोज रेझिनमध्ये, म्हणजे तंतू घट्ट धरणाऱ्या चिकट रसायनात, हात घालणाऱ्याला फायबर जेवढं कळतं तेवढं कोणाला कळत नाही. कापड, फोम काढून झालाय. इथले नाना पुढून बघतच नाहीत, म्हणतात, "उलटी कर ना भो, मांगून देख."

हे बघा, पाठ चकचकीत आणि बसायची बाजू खरखरीत. हातानं बनवलेल्या फायबरची हीच खूण. मोल्डला (साच्याला) वॅक्स, त्यावर जेलकोट, म्हणजे बाहेरचा चकचकीत थर, तो जरा धरला की काचेच्या तंतूंची मॅट टाकायची आणि रेझिन लावून रोलरनं हवा काढत दाबत जायचं. मोल्डकडची बाजू गुळगुळीत निघते, दुसरीवर तंतू तसेच दिसतात. 1953 च्या कॉर्व्हेटची बॉडी फायबरची, 1957 च्या लोटस एलिटचा तर अख्खा सांगाडाच फायबरचा. वजन कमी करायचं तर सीट तरी लोखंडाची कशाला ठेवायची? पण साठच्या दशकातली म्हणून कोणी कार्बन फायबरची सीट दाखवली तर तिथून सरळ निघा. कार्बनचा मोनोकॉक, म्हणजे एकसंध सांगाडा, असलेली मॅक्लारेनची पहिली एफ-वन गाडीच मुळी 1981 ची.

खरी अवघड असते कॉपी. जुन्या सीटवरूनच मोल्ड काढतात आणि त्यात दुसरी बनवतात, आकार तोच, वळणं तीच. पण पॉलिएस्टर रेझिन सुकताना आकसतं, त्यामुळे कॉपी किंचित लहान भरते, कडा बोथट येतात. आणि हा ओरखडा जवळून बघा, मला सगळ्यात भारी वाटलं ते हेच. खरा ओरखडा जेलकोट फाडून आत जातो, तळाशी मळलेले तंतू दिसतात. कॉपीत ओरखड्याचा पण छाप उतरतो, पण त्याच्या तळाशी जेलकोट शाबूत, चकचकीत! नखानं लगेच कळतं.

मग नट. बोल्ट कोणीही बदलतं, पण लॅमिनेशनमध्ये, म्हणजे फायबरच्या थरांत, गाडलेले नट सहसा तसेच राहतात. जर्मन सीटला मिलिमीटरचे आटे, जुन्या ब्रिटिश सीटला बहुतेक इंचाचे. या सीटमध्ये मिलिमीटरचा बोल्ट दोन आट्यांतच अडकला, इंचाचा अलगद बसला.

नाण्यानं ठोकून पण बघितलं. सगळीकडे टणक आवाज, फक्त डाव्या खांद्याच्या बेल्टच्या खाचेपाशी बद्द, म्हणजे आत थर सुटलेत. अशा सीटवर बसून रेस खेळायची नाही, अजिबात नाही. एफआयए या मोटर रेसिंगच्या जागतिक संघटनेच्या 8855-1999 नियमातल्या सीटलाच मुदत 5 वर्षांची, ही तर कितीतरी जुनी.

कंपनीचा शिक्का कुठंच सापडला नाही. त्यामुळे मालकानं कागदावर एवढंच लिहिलं: हातानं बनवलेली, इंचाचे नट, बहुधा ब्रिटिश, मेकर माहीत नाही. पुट्टी नाही, रंग नाही, खरखरीत बाजू फक्त साबणाच्या पाण्यानं पुसून घेतली.