न संपलेल्या रिक्वेस्टची नोंद

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, आजचा जाहीर विषय आहे वेब ॲप्लिकेशनमध्ये रिक्वेस्ट लॉगिंग, म्हणजे आलेल्या प्रत्येक मागणीची नोंद, कसं जोडायचं. तो मी घेणारच आहे. पण इथल्या बहुतेकांनी हे काम कधी ना कधी केलेलं आहे. फ्रेमवर्कसोबत आलेलं मिडलवेअर (प्रत्येक रिक्वेस्ट ज्यातून आत-बाहेर जाते तो कोडचा थर) घेतलं, एक ओळ जोडली, सर्व्हर चालू केला, टर्मिनलवर ओळी सरकायला लागल्या, झालं. म्हणून आधी एक गोष्ट बोलून घेतो, जी मी भेटेल त्याला सांगत आलोय. आपण ज्याला रिक्वेस्ट लॉग म्हणतो, त्यात नोंद होते ती रिस्पॉन्सची.

ती नेहमीची ओळ डोळ्यांसमोर आणा. कॉमन लॉग फॉरमॅट, एनसीएसए या अमेरिकी संस्थेच्या एचटीटीपीडी या जुन्या वेब सर्व्हरपासून चालत आलेला. आधी क्लायंटचा पत्ता. मग एक आडवी रेघ. ती जागा आयडेंट प्रोटोकॉलसाठी, म्हणजे जोडणीमागचा वापरकर्ता कोण हे विचारण्याच्या पद्धतीसाठी, राखलेली आहे. १९९३ च्या आरएफसी १४१३ या इंटरनेटच्या नियम-दस्तऐवजातला तो प्रोटोकॉल आज जवळपास कुणी वापरत नाही, तरी रेघ छापली जातेच. पुढे युजर, वेळ, रिक्वेस्टची पहिली ओळ, स्टेटस म्हणजे निकालाचा क्रमांक, आणि बाइट्स म्हणजे उत्तराचा आकार. आता बघा, शेवटचे दोन आकडे कधी कळतात? रिस्पॉन्स गेल्यावर. म्हणजे ओळ लिहायला सर्व्हरला शेवटपर्यंत थांबावंच लागतं. जी रिक्वेस्ट शेवटपर्यंत पोहोचलीच नाही, तिची ओळ लिहिणार कोण?

जाता जाता एक सांगतो, कारण यावर लोकांचे वाद झालेले मी पाहिलेत. अपाची आणि एन्जिनएक्स हे दोन वेब सर्व्हर घ्या. अपाचीच्या ओळीतली वेळ ही रिक्वेस्ट मिळाल्याची वेळ असते. एन्जिनएक्सच्या ओळीतली वेळ ही ओळ लिहिल्याची वेळ असते. दोन्ही ओळी दिसायला जुळ्या बहिणी. चाळीस सेकंद चाललेली रिक्वेस्ट दोन्हीकडे शोधायला गेलात, तर चाळीस सेकंदांच्या अंतरावर सापडेल.

आता मूळ प्रसंग. एका टीमने मला मदतीला बोलावलं होतं. त्यांचं ॲप्लिकेशन अधूनमधून मरायचं. लिनक्समध्ये मेमरी संपली की कर्नल एक प्रोसेस निवडतो आणि तिला सिगकिल पाठवतो. हा सिग्नल प्रोसेसला पकडता येत नाही, त्यामुळे शेवटचे दोन शब्द बोलायचीही संधी नसते. हाती उरतो एक्झिट कोड १३७, म्हणजे १२८ अधिक सिग्नल क्रमांक ९. मग टीमने काय केलं? तुम्ही-आम्ही जे करतो तेच. लॉग उघडला आणि मरणाच्या आधीची शेवटची ओळ पाहिली.

शेवटच्या ओळीवर दर वेळी जवळपास एकच गोष्ट असायची: फोटो लहान करून देणारी रिक्वेस्ट. संशय घ्यायला ती फारच सोयीची. फोटो म्हणजे मेमरी, हे गणित कुणालाही पटेल. त्यांनी फोटोंची लायब्ररी बदलली. फोटोच्या आकारावर मर्यादा घातली. फोटोंचं काम वेगळ्या प्रोसेसमध्ये नेलं, त्यात चांगले लोक कित्येक आठवडे गुंतले. ॲप्लिकेशन मरतच राहिलं.

हसताय तुम्ही, म्हणजे तुमच्याकडेही असं काहीतरी झालेलं आहे. पण त्या लोकांना हसू नका. त्यांना जे दाखवलं गेलं, त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष रास्त होता. चूक होती ती दाखवणाऱ्याची. लॉगमध्ये शेवटच्या ओळीवर कोण असतं? जी रिक्वेस्ट पूर्ण झाली, जिला उत्तर मिळालं, जी सुखरूप घरी गेली. मेमरी भरत असताना ज्या छोट्या रिक्वेस्ट भराभर पूर्ण होत होत्या, त्यांच्याच ओळी तिथे होत्या. फोटोंची वर्दळ सर्वांत जास्त, म्हणून शेवटी फोटोच. निर्दोष असल्याचा पुरावा म्हणजे ती ओळ, आणि तिलाच आरोपी केलं जात होतं. फाटकावरच्या रखवालदाराने फक्त बाहेर पडणाऱ्यांचीच नावं लिहावीत आणि आत कोण अडकलंय ते त्या वहीत शोधावं, तसा हा प्रकार.

मी सांगितलं, दुसरं काही करू नका. रिक्वेस्ट आत आल्याबरोबर एक ओळ लिहा: वेळ, एक आयडी, मेथड, पाथ. बाहेर जाताना दुसरी ओळ, त्याच आयडीची. पुढच्या मरणानंतर जोड्या लावा, आणि जिला जोडीदार मिळणार नाही ती बाजूला काढा.

पहिल्या मरणात जोडीदार नसलेल्या बऱ्याच निघाल्या. हे अपेक्षितच असतं, कारण प्रोसेस मरते तेव्हा तिच्या पोटातल्या सगळ्याच रिक्वेस्ट जातात, त्यातल्या बहुतेक बिचाऱ्या शेजारी म्हणून. पण दुसऱ्या मरणातही तशीच यादी मिळते, तिसऱ्यातही. सगळ्या याद्यांमध्ये समान काय, एवढंच पाहायचं. समान निघाला एक अहवाल. त्याच्या पानावर ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ अशा दोन तारखा भराव्या लागत. कुणाकडे तरी जुनी साठवलेली लिंक होती, तिच्यात तारखा नव्हत्या. तारखा नाहीत म्हणून क्वेरीला अट नाही, अट नाही म्हणून अख्खं टेबल मेमरीत. फोटोंचा काडीचाही संबंध नव्हता.

मागच्या रांगेतून हात वर आलाय, आणि प्रश्न काय असेल ते मला माहीत आहे. पुढे प्रॉक्सी, म्हणजे रिक्वेस्ट आधी घेऊन आतल्या सर्व्हरला देणारा मध्यस्थ, होती ना, तिच्या लॉगमध्ये ५०२, म्हणजे ‘मागच्या सर्व्हरकडून उत्तर आलं नाही’ हा स्टेटस, दिसलाच असेल? दिसला होता. पण ‘प्रोसेस मेली, मग ५०२ येणारच’ असं म्हणून तो परिणामाच्या खात्यात टाकला होता. आणि इथे आणखी एक गंमत होती. ती प्रॉक्सी होती एन्जिनएक्स, आणि एन्जिनएक्सच्या मागे अनेक सर्व्हर असले, तर एकाशी बोलताना एरर किंवा टाइमआउट आला की मुळातल्या सेटिंगनुसार तो तीच रिक्वेस्ट पुढच्या सर्व्हरला देतो. पोस्टसारख्या, म्हणजे डेटा बदलू शकणाऱ्या, रिक्वेस्ट १.९.१३ आवृत्तीपासून तो आपणहून अशा पुन्हा पाठवत नाही, पण अहवालाची लिंक होती गेट, म्हणजे नुसतं वाचणारी. त्यामुळे एकीला मारून ती रिक्वेस्ट दुसरीकडे गेली, दुसरीला मारून तिसरीकडे. प्रॉक्सीच्या लॉगमध्ये या सगळ्याची ओळ एक. कुठल्या कुठल्या सर्व्हरकडे गेली हे अपस्ट्रीम ॲड्रेसच्या व्हेरिएबलमध्ये स्वल्पविराम देऊन मिळतं, पण तयार येणाऱ्या ‘कम्बाइन्ड’ फॉरमॅटमध्ये ते व्हेरिएबल नाही. आत येतानाची ओळ ॲप्लिकेशनमध्ये होती म्हणूनच एकच आयडी तीन प्रोसेसमध्ये दिसला. हा आयडी प्रॉक्सीने दिलेला असला तरच हे जमतं, हे लक्षात ठेवा.

ही कल्पना माझी नव्हे, आणि नवीही नव्हे. अपाचीमध्ये मॉड लॉग फॉरेन्सिक नावाचं मॉड्यूल आहे. ते प्रत्येक रिक्वेस्टच्या दोन ओळी लिहितं, आधीची अधिक चिन्हाने सुरू होणारी, नंतरची उणे चिन्हाने, आणि न जुळलेल्या शोधायला सोबत स्क्रिप्टही देतं. एक्सप्रेस या जावास्क्रिप्ट फ्रेमवर्कवाल्यांच्या मॉर्गन या लॉगरमध्ये ‘इमिजिएट’ नावाचा पर्याय आहे. तो दिला की ओळ रिक्वेस्ट आल्यावर लिहिली जाते. अर्थात मग स्टेटस मिळत नाही. मला वाईट याचंच वाटतं की उत्तर इतकं जवळ ठेवलेलं असताना आपण सगळे मुळातल्या सेटिंगवर थांबतो.

‘ओळी दुप्पट होतील’ ही तक्रार नेहमी येते. होतील. पण आतली ओळ छोटी असते आणि ती काही दिवसच ठेवली तरी चालते. शिवाय ती क्रॅशपुरती नाही. डेटाबेसचं लॉक अडकलं, सर्व्हर जिवंत आहे पण कुणालाच उत्तर मिळत नाही, अशा वेळी जुना लॉग एकदम शांत होतो. आत्ता आत कोण आहे आणि कधीपासून आहे, हे फक्त आतली ओळ सांगते.

मात्र ती लगेच लिहिली गेली पाहिजे. वेगासाठी लॉगर ओळी प्रोसेसमध्येच, बफरमध्ये, साठवून एकदम लिहीत असेल, तर सिगकिल आल्यावर त्या साठ्यासकट सगळं जाईल. ओळ राइट कॉलने कर्नलच्या ताब्यात गेली की प्रोसेस मेली तरी ती सुरक्षित असते. एफसिंक, म्हणजे ओळ डिस्कवर उतरेपर्यंत थांबायचा कॉल, लागतो तो अख्खं मशीन कोसळण्याच्या भीतीसाठी. त्याचा खर्च इथे करायची गरज नाही.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, वेळ संपत आली म्हणून. तेव्हा जाहीर विषय आता झपाट्याने घेतो.

मिडलवेअर सर्वांत बाहेर लावा, लॉगिन तपासण्याच्याही बाहेर. नाहीतर ४०१, म्हणजे ‘लॉगिन नाही’ असं उत्तर, मिळून परत गेलेल्या रिक्वेस्ट दिसणार नाहीत. आयडी आधी बाहेरून आलाय का पहा. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीचं, रिक्वेस्टचा माग ठेवणारं ट्रेसपेरेंट हेडर २०२० पासून प्रमाण आहे, त्यातला ट्रेस आयडी ३२ हेक्स अक्षरांचा असतो. आकार तपासूनच घ्या, नसेल तर नवा बनवा, आणि रिस्पॉन्सच्या हेडरमध्येही पाठवा, म्हणजे तक्रार करणाऱ्याला तो सांगता येईल. बाहेर जातानाची ओळ ‘फायनली’मध्ये, म्हणजे चूक झाली तरी चालणाऱ्या भागात, लिहा, एक्सेप्शन आलं तरी ती सुटता कामा नये.

लागलेला वेळ मोनोटोनिक, म्हणजे कधीच मागे न सरकणाऱ्या, घड्याळाने मोजा. २०१६ च्या अखेरीस लीप सेकंद, म्हणजे एक जादा सेकंद, घातला गेला, घड्याळ क्षणभर मागे सरकलं आणि क्लाउडफ्लेअरच्या डीएनएस सॉफ्टवेअरमध्ये दोन वेळांची वजाबाकी ऋण आली. ती ऋण येणारच नाही असं धरून लिहिलेला कोड कोसळला. गो भाषेने २०१७ मध्ये १.९ आवृत्तीत मोनोटोनिक वेळ आणली. ओळीवर छापायची वेळ मात्र नेहमीच्याच घड्याळाची, यूटीसीमध्ये, आरएफसी ३३३९ ने ठरवलेल्या तारीख-वेळेच्या रूपात.

काय लिहायचं नाही, यावर खरं तर वेगळं व्याख्यान हवं. बॉडी लिहू नका. ऑथरायझेशन आणि कुकी ही हेडर लिहू नका. पाथमधल्या प्रश्नचिन्हानंतरचा भाग गाळून घ्या, पासवर्ड बदलायच्या लिंकचं टोकन बहुधा तिथेच असतं. वर सांगितलेल्या अहवालासाठी तारखा आहेत की नाहीत हे लागत होतं, म्हणून परवानगी दिलेल्या नावांची छोटी यादी ठेवा, बाकी सगळं गाळा. मे २०१८ मध्ये ट्विटरला सगळ्या वापरकर्त्यांना पासवर्ड बदलायचा सल्ला द्यावा लागला, कारण अंतर्गत लॉगमध्ये पासवर्ड उघडे लिहिले जात होते. तिथे काय काम करणारे कच्चे होते? मुळीच नाही. लॉगकडे कुणी दारासारखं पाहत नाही, एवढंच.

बाहेरून आलेलं प्रत्येक अक्षर शत्रूचं समजा. पाथमध्ये किंवा युजर एजंटमध्ये नवी ओळ घुसवून खोटी नोंद तयार करता येते. प्रत्येक ओळ जेसन या ठरीव रचनेत लिहिली की ती अडचण जाते. डिसेंबर २०२१ चं लॉगफोरशेल, लॉगफोरजे या जावा लॉगरमधलं ते भगदाड, आठवतंय ना? युजर एजंटमध्ये एक खास मजकूर पाठवायचा, लॉगर तो वाचून बाहेरच्या सर्व्हरकडे जायचा. नुसतं लॉग करणं हेच भगदाड ठरलं. मूळ क्लायंटचा पत्ता सांगणाऱ्या एक्स फॉरवर्डेड फॉर हेडरमधला पत्ताही क्लायंटला खोटा लिहिता येतो. आपल्या प्रॉक्सीने जोडलेला शेवटचा भाग तेवढा धरा. सर्व्हर ठीक आहे का हे विचारणाऱ्या हेल्थ चेकच्या ओळी गाळा, पण अपयशी झालेल्या ठेवा.

आणि हे सगळं लावून झाल्यावर टेस्ट सर्व्हरवर एक हँडलर लिहा, जो नुसता तीस सेकंद झोपतो. त्याला रिक्वेस्ट पाठवा, आणि तो झोपलेला असताना त्या प्रोसेसला किल -९, म्हणजे तोच सिगकिल, द्या. मग लॉग उघडून त्या रिक्वेस्टचा आयडी शोधा. सापडला नाही, तर ओळ अजून बफरमध्येच राहते आहे. तिथून दुरुस्तीला सुरुवात करा.