10 नॉटचा वारा

[दृश्य: माउई बेटाचा उत्तर किनारा. पाण्यावर बारीक लहरी, फेस जवळजवळ नाहीच.]

हवाई बेटांमधलं माउई. शाळेच्या भूगोलात भेटलेले ईशान्य व्यापारी वारे इथं डोंगरांच्या कचाट्यात सापडतात. एका बाजूला 3055 मीटर उंच हालेआकाला, दुसऱ्या बाजूला पश्चिमेचे डोंगर. मधल्या सखल पट्ट्यातून वारा चेपून निघतो आणि जोर धरतो. उन्हाळ्यातल्या दुपारी 20 नॉट इथं सहज मिळतात. पण हिवाळ्यात हे वारे बऱ्याचदा मंदावतात. मग उरतात जेमतेम 10 नॉट, म्हणजे ताशी साडेअठरा किलोमीटर.

जोराच्या वाऱ्यात पॅराविंग, म्हणजे बोर्डावरच्या स्वारानं हातात धरायचं पतंगासारखं कापड, तुम्हाला पाण्यातून उचलून घेतं. 10 नॉटमध्ये ते उचलत नाही. तिथं स्वतः उठावं लागतं, आणि ते बघण्यासारखं असतं.

[दृश्य: वाळूवर पसरलेलं रंगीत कापड, त्याच्या दोऱ्या, हातातली दांडी.]

2024 मध्ये बोर्डरायडिंग माउई या इथल्याच कंपनीनं ‘मलिको’ नावाचं पॅराविंग आणलं आणि बघता बघता इतरही कंपन्या त्यात उतरल्या. एकपदरी कापड, बारीक दोऱ्या आणि एक आखूड दांडी. हवा भरायची नळी नाही, काठी नाही. म्हणून ते मुठीत गोळा होतं आणि कमरेच्या पिशवीत जातं. पण म्हणूनच ते पाण्यात पडलं की भिजून जड होतं, आणि मंद वाऱ्यात पुन्हा वर चढायला फार कुरकुरतं.

बोर्डाखाली पाण्यात असतो फॉइल, म्हणजे पाण्यातला पंख. वेग दुप्पट झाला की त्याची उचल चौपट होते. 1200 चौरस सेंटीमीटरचा पंख माणसासकट सगळा भार पाण्याबाहेर काढतो तो साधारण ताशी 15-16 किलोमीटर वेगाला. सगळी धडपड या आकड्यापर्यंत पोचण्याची. म्हणून मंद वाऱ्यात बोर्ड लांब आणि अरुंद घेतात, सात-आठ फुटांचा, रुंदीला 50 सेंटीमीटरच्या आसपास. तो पाणी कापत लवकर पळतो. माझ्या मते मोठ्या कापडापेक्षा या बोर्डाचा उपयोग जास्त.

[दृश्य: गुडघ्यांवर बसलेली एक स्वार. कापड डोक्यावर तरंगतंय.]

आता तिचे हात बघा. पुढचा हात स्थिर आहे, मागचा जवळपास सैल. वारा कमी असला की मागचा हात आपोआप ओढू लागतो, आणि तिथंच घात होतो. मागच्या दोऱ्या ताणल्या की कापड वाऱ्याला फार तिरकं होतं, त्याच्या पाठीवरून सरकणारी हवा तुटते आणि ते मागं कोसळतं. पतंगाला ढील द्यावी तसा तो हात सोडावा लागतो. कापड पुढं झेपावतं, आणि ओढ त्या झेपेतच असते.

बोर्डाचं नाक वाऱ्याला आडवं, वारा जातो त्या बाजूला किंचित झुकलेलं. कापड हळूच खाली आणलं, पुन्हा वर नेलं, पुन्हा खाली. प्रत्येक फेरीत बोर्ड थोडा अधिक पळतो. ती उभी राहते. मागून एक लहानशी लाट येते, बोर्डाची शेपटी उचलली जाते, आणि त्याच क्षणी पाय दाबतात, सुटतात, दाबतात. फॉइलनं बोर्ड पाण्याबाहेर उचलला!

[दृश्य: बोर्ड पाण्याच्या वर, अधांतरी. आवाज एकदम थांबतो.]

इथून वाऱ्याचं गणित बदलतं. 10 नॉटच्या वाऱ्यात 10 नॉट वेगानं आडवं गेलं, की अंगावर येणारा वारा 14 नॉट होतो आणि कापडाला मिळणारा जोर दुप्पट. तोच वेग ठेवून सरळ वाऱ्याबरोबर गेलं, तर अंगावर वारा शून्य. दोऱ्या ढिल्या पडतात, कापड खाली येतं. म्हणजे उठल्यावरही काही काळ आडवंच राहायचं, वेग साठवायचा. लगेच वाऱ्याच्या अंगावर चढायचा मोह तर अजिबात नको. त्यात वेग मरतो आणि बोर्ड पाण्याला टेकतो.

मधेच वारा पडतो. तेव्हा कापड उंच ठेवायचं, मागचा हात सैल सोडायचा आणि काम पायांवर सोपवायचं. पाच-सहा दमदार दाब, तेवढ्यात पुढची लाट गाठायची. लाटेचा उतार फुकटचा वेग देतो.

[दृश्य: मलिको नावाच्या घळीपासून काहुलुई बंदराकडे जाणारी लाटांची रांग.]

लाट भरवशाची मिळाली की स्वार पुढच्या दोऱ्या ओढते, कापड मिटतं, कमरेला जातं. हात मोकळे. जोराच्या वाऱ्यात हे कधीही करावं. मंद वाऱ्यात मात्र आधी पुढच्या दोन लाटा बघून घ्याव्यात, कारण कापड पुन्हा उघडायला अंगावर वारा हवा, आणि लाटेबरोबर धावताना तो नसतो. म्हणून वेग हातात असतानाच बोर्ड आडवा वळवायचा आणि मगच कापड सोडायचं.