घड्याळाची टिकटिक आणि शांतारामबापू

श्रोतेहो, नमस्कार.

लॉ कॉलेज रस्त्यावरची फिल्म इन्स्टिट्यूट आहे ना, तो मूळचा प्रभात फिल्म कंपनीचा स्टुडिओ. कोल्हापुरात १९२९ साली सुरू झालेली ही कंपनी १९३३ मध्ये पुण्याला आली. व्ही. शांताराम तिचे एक भागीदार. दिग्दर्शनाचे धडे त्यांनी बाबूराव पेंटरांच्या हाताखाली गिरवले होते.

'सैरंध्री'च्या रंगीत प्रतींसाठी ते जर्मनीला गेले आणि तिथले छायाप्रकाशाचे खेळ पाहून आले. पुण्यातला पहिला चित्रपट, १९३४ चा 'अमृतमंथन', त्यात हे लगेच दिसतं. राजाने बळी देण्याची प्रथा बंद केली म्हणून राजगुरू खवळलाय. हिंदी आवृत्तीत हा राजगुरू म्हणजे चंद्रमोहन. टेलिफोटो लेन्स लावून त्याचा डोळा पडद्यावर असा काही मोठा केलाय, की संवादांची गरजच उरत नाही.

पण मला विचाराल, तर बापूंची खरी कमाल १९३७ च्या 'कुंकू'त आहे. आणि तो सिनेमा रेडिओवाल्यांनी तर कान देऊन ऐकावा! कथा ना. ह. आपट्यांच्या कादंबरीवरची. म्हाताऱ्या विधुराशी, काकासाहेबांशी, फसवून लग्न लावलेली नीरा त्याला नवरा मानायला साफ नकार देते. शांता आपटे आणि केशवराव दाते, दोघंही अस्सल. या चित्रपटाला पार्श्वसंगीतच नाही. त्या काळात, जेव्हा पेटी-तबल्याशिवाय पडदा हलत नव्हता! इथे ऐकू येतात ते घरातलेच आवाज. भिंतीवरचं जुनं घड्याळ टिकटिकत राहतं आणि काकासाहेबांचं वय आपल्याला मोजून दाखवतं. पुढे आरसा फुटतो, त्याच्या तुकड्या-तुकड्यांत त्यांचंच तोंड दिसतं. 'तुम्ही म्हातारे झालात' हे वाक्य कुणी उच्चारायची गरजच नाही.

हे एकट्याचं काम नव्हे, बरं का. प्रभातमधले त्यांचे भागीदार फत्तेलाल आणि दामले, यांतल्या फत्तेलालांचं नेपथ्य आणि दामल्यांचं ध्वनीचं खातं पाठीशी नसतं, तर एवढी शांतता पडद्यावर ठेवायची हिंमत कुणी केली असती?

१९४२ मध्ये बापूंनी मुंबईत राजकमल ही स्वतःची चित्रपटसंस्था काढली. 'झनक झनक पायल बाजे'सारखे रंगीत, नाचते चित्रपट आले, लोकांनी ते डोक्यावर घेतले. देखणे आहेतच ते. पण तिथे प्रत्येक गोष्ट ठासून सांगितलेली असते. मी आपला 'कुंकू'वाला.